हातातलं पूर्ण होऊ दे

आत्याला साऱ्या जगाला नाही म्हणता यायचं, फक्त घरच्यांना यायचं नाही. दवाखान्यात नर्स होती तेव्हा वॉर्डात गोंधळ घालणाऱ्या नातेवाइकांना तिने नुसत्या नजरेने बाहेर काढलं होतं. मोठमोठे डॉक्टर तिच्यापुढे आवाज खाली आणून बोलायचे. पण घरी येऊन चपला काढल्या, की या वाघिणीची दातखीळ बसायची. धाकट्या भावाने म्हणावं, "ताई, तू आहेस म्हणून निभावतं," आणि ताईने निभावून न्यावं. शिक्षण त्याचं, संसार त्याचा, पोर त्याची, जागरणं मात्र हिची.

निवृत्त झाल्यावर तिने एक युक्ती काढली. भांडणही नको आणि होकारही नको, अशी. तिने आपल्या खोलीत न कातलेल्या करड्या लोकरीचं पोतं आणून टाकलं, टकळी आणली, आणि स्वतःच सूत कातून विणायला बसली. बघता बघता खोली भरली. खाटेवर अर्धं पांघरूण, खिडकीत अर्धी शाल, उशीपाशी एकुलता एक पायमोजा आणि खुर्चीच्या पाठीवर दीड बाहीचा स्वेटर. कुणी काम घेऊन दारात उभं राहिलं, की आत्या सुयांवरची नजर न काढता म्हणायची, "हातातलं पूर्ण होऊ दे, मग बघू." हातातलं कधी पूर्ण व्हायचं नाही. पूर्ण होतंय अशी शंका आली, की ती दुसरं काहीतरी सुरू करायची.

भावजय तोंडाने फटकळ होती, पण मनात काही ठेवायची नाही. "ताई, या स्वेटराची दुसरी बाही माझ्या हयातीत होणार का हो?"

"तब्येत सांभाळ, म्हणजे बघायला मिळेल," आत्या म्हणायची.

असं बरं चाललं होतं. मग चिमणीला दिवस गेले. चिमणी म्हणजे भावाची एकुलती एक लेक. ती आणि तिचा नवरा दूरच्या शहरात नोकऱ्या करत होते. भाऊ-भावजयीने परस्पर ठरवून टाकलं, की आत्याने आतापासूनच तिकडे जाऊन राहायचं आणि बाळ शाळेत जाईपर्यंत सांभाळायचं. नर्सच आहे ती, इथे तिला काम तरी काय आहे! म्हणजे उभ्या आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने झोपणाऱ्या आणि उठणाऱ्या बाईने पुन्हा कुणाच्या तरी रडण्यावर उठायचं. ऐकून आत्याच्या तोंडातून निघालं ते सवयीचंच, "हातातलं पूर्ण होऊ दे, मग जाईन."

'मग बघू' म्हणायचं सोडून आपण 'मग जाईन' म्हणालो, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. भावजयीच्या बरोबर आलं.

पुढच्या महिन्यात आत्या मैत्रिणीकडे आठवडाभर राहून परत आली, तर दोघं दारातच तिची वाट बघत उभे. भावजयीचा चेहरा नुसता फुलून आला होता. "डोळे मिटा, ताई," ती म्हणाली आणि हाताला धरून तिला खोलीत घेऊन गेली.

आत्याने डोळे उघडले. खाटेवर पांघरूण होतं, चारही कडा शिवलेलं. शालीला गोंडे लागले होते. पायमोज्याला जोडीदार मिळाला होता. टकळीवरचं सूत उतरवून पांघरुणाला वापरलं होतं आणि रिकामी टकळी कपाटावर ठेवून दिली होती. आणि भाऊ तो स्वेटर अंगात घालून उभा होता. दोन्ही बाह्या पूर्ण.

"लोकरीच्या दुकानातल्या बाईंना दिलं सगळं," भावजय म्हणाली. "बिचारीने दिवसरात्र सुया चालवल्या. तुमचं कातलेलं सूत कमी पडलं, तर तिने रंगाशी रंग जुळवून दिला. आता सुटलात बघा! हात मोकळे झाले तुमचे. बॅगही भरून ठेवलीय. रविवारची तिकिटं आहेत."

भाऊ दोन्ही हात पसरून गोल फिरला. "ताई, मला अगदी मापात बसतो की गं!"

आत्याला आधी वाटलं, की आपल्याला रडू येणार. पण आला तो राग, आणि तो अंगठ्यापर्यंत उतरला. तिने भावाचा डावा हात पकडला आणि बाहीवरून अंगठा फिरवला. मनगटापासून वर सगळं गुळगुळीत, एकसारखं. कोपराच्या खाली दोन बोटांवर मात्र सूत एकदम जाडंभरडं झालं, कुठे फुगीर, कुठे बारीक. तिथून पुढे ती स्वतः होती. तिने खिशातून छोटी कात्री काढली, मनगटाच्या कडेची गाठ शोधली, कापली आणि टोक धरून ओढलं.

बाही चार सुयांवर गोल विणलेली होती. धागा हाताभोवती गरागरा फिरत सुटायला लागला.

"ताई! अगं, अंगातला आहे माझ्या!"

"हात सरळ धर."

तो वॉर्डातला आवाज होता. या घराने तो कधी ऐकलाच नव्हता. भावाचा हात आपोआप सरळ झाला. आत्या ओढत राहिली. फेऱ्यामागून फेरा उसवत गेला, भावाचं मनगट उघडं पडलं, मग निम्मा हात. जमिनीवर दुकानाच्या लोकरीचा ढीग झाला. आपल्या शेवटच्या फेऱ्याशी ती थांबली, सुटे टाके एकेक करून सुयांवर चढवले आणि म्हणाली, "काढ आता. माझा आहे तो."

भावजय रडकुंडीला आली होती. "एवढं जिवाचा आटापिटा करून केलं आम्ही! तुम्हीच म्हणाला होतात ना, पूर्ण झालं की जाईन म्हणून?"

"म्हणाले होते. खोटं बोलले होते."

"म्हणजे?"

"म्हणजे इतकी वर्षं खोटंच बोलत आले. तुम्हाला नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून सुया पुढे करायची." आत्याने स्वेटर खुर्चीवर ठेवला आणि दोन्ही रिकामे हात त्यांच्यासमोर धरले. "हे बघा. हातात काही नाही. बाळ झालं की बघायला जाईन, चार दिवस राहीन, कौतुक करीन आणि परत येईन. सांभाळायला जाणार नाही."

"चिमणीला काय तोंड दाखवू मी?" भावाने विचारलं. त्याच्या डोक्यावरचे केस अजून स्वेटर काढताना उभे राहिले तसेच होते.

"तू कशाला दाखवतोस? मी सांगते."

तिने लगेच फोन लावला. सगळं ऐकून चिमणीचा आवाज कापला. "आत्या, मी तुझ्याच भरवशावर होते गं. आता मी काय करू?" आत्याला तो आवाज आतपर्यंत लागला. ते पोर तिच्याच खांद्यावर वाढलं होतं. तरी ती म्हणाली, "तुझे आईबाबा आहेत की! दुसऱ्याची कामं पुरी करण्याइतका वेळ आहे त्यांच्याकडे."

पुढचे दिवस घरात भांडी आदळत होती, दारं आपटत होती. आत्याने टकळी खाली काढली, राहिलेली लोकर कातली आणि ती बाही स्वतःच्या सुताने मनगटापर्यंत नेऊन बंद केली. आता लांबवायचं कारणच उरलं नव्हतं.

रविवारी सकाळी ती स्वेटर घालून बैठकीत ऐन मध्ये बसली. सुया नाहीत, टकळी नाही, हात मांडीवर नुसते ठेवलेले. बॅग दारापाशी होती. तिच्यातले आत्याचे कपडे बाहेर आले होते आणि भावजयीचे आत गेले होते. भावजय रिक्षा बघायला खाली उतरली.

भाऊ बुटाची नाडी बांधत होता. त्याने वर पाहिलं, बहिणीचे मोकळे हात त्याला दिसले आणि त्याचा चेहरा उजळला.

"ताई, आम्ही येईपर्यंत तेवढं..."

"नाही," आत्या म्हणाली.

"अगं, काय ते अजून सांगितलंसुद्धा नाही मी!"

"नको सांगूस. रिक्षा थांबलीय."