हौशीचा चेहरा

हॉल तिकिटावर उत्कर्षाचं नाव बरोबर होतं, जन्मतारीख बरोबर होती, आणि फोटो गायीचा होता.

तिनं मोबाइल आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला. गाय काही हलेना. कपाळावर पांढरा चांद, डावा कान जरा ओघळलेला. इंदापूरच्या रावजी तात्यांची हौशी.

चूक म्हणावी तर कुणाची? जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस व्हायचं तर परवाना लागतो, आणि परवान्याची परीक्षा गेल्या वर्षापर्यंत उघड्यावर, जनावरापाशी व्हायची. आपलं जनावर आपणच न्यायचं, परीक्षकासमोर ताप बघायचा, शीर शोधायची, गाभण आहे का ते सांगायचं. ऐनवेळी कुणी जनावर बदलू नये म्हणून अर्जाला ‘उमेदवार जनावरासह’ असा फोटो लागे. इंदापूरच्या वर्गातली पोरं वर्षानुवर्षं हौशीलाच नेत, कारण ती लाथ मारत नसे. फोटोही तिच्याच गळ्यात हात टाकून काढत. यंदा परीक्षा कॉम्प्युटरवर गेली, अर्ज मात्र जुनाच राहिला. कॉम्प्युटरनं फोटोत जो चेहरा मोठा दिसला तो कापून घेतला.

उत्कर्षानं हेल्पलाइनला फोन लावला.

“फोटो स्पष्ट दिसतोय का मॅडम?”

“दिसतोय, पण तो गायीचा आहे.”

“डोळे उघडे आहेत?”

“आहेत.”

“दोन्ही कान दिसतायत?”

“दिसतायत हो, पण...”

“मग काही अडचण नाही. फक्त परीक्षेला याच चेहऱ्यानं यायचं.”

वर्गातल्या बावीसही जणांच्या तिकिटावर हौशीच होती. धम्मदीपनं तर ते स्टेटसला ठेवलं, खाली लिहिलं, ‘यंदा फोटो बरा आलाय.’ सगळे हसले आणि विसरले. उत्कर्षाला असं विसरता येत नसे. सात महिन्यांची मुक्ता झोपली की ती नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. दिवसाला सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत, असं डॉक्टर एकदा म्हणाले होते, तेव्हापासून ती ते वेळेसकट वहीत लिहीत होती. पाजायला घेतल्यापासून वीस मिनिटांत लंगोट ओला, फार तर बावीस.

“आमी पाच पोरं वाढवली,” सासूबाई, कुशाबाई म्हणायच्या, “पर कुणाच्या मुताचं टाइमटेबल न्हाय लावलं बाई.”

त्यात ही शेवटची संधी. पुढच्या वर्षीपासून एक वर्षाच्या कोर्सवाल्यांना परीक्षाच नाही, पुन्हा तीन वर्षांचा डिप्लोमा करा. डाळजच्या दवाखान्यातली तिची जागा या परवान्यावर अडली होती. मुक्ताला काखोटीला मारून तीन वर्षं कुठं जायचं? ती सरळ इंदापूरला गेली.

“तात्या, हौशीला बारामतीला न्यावं लागंल.”

“आता कशाला? परीक्षा कांपुटरवर हाय म्हनं.”

“लॉगिनला.”

रावजी तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. “पानी पाजून आणू, का उपाशीच?”

परीक्षा केंद्र बारामतीत एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. नऊ वाजता बूट बाहेर ठेवून सगळे आत गेले आणि एकेक करून कॅमेऱ्यासमोर बसले. स्क्रीन लाल. चेहरा जुळत नाही. धम्मदीपनं जीभ बाहेर काढून पाहिली. तरी लाल.

केंद्रप्रमुख इंद्रजित सर ताज्या इस्त्रीतले होते, पण कपाळाला घाम सुटला. अकराला लॉगिनचं गेट बंद होणार, ते मुख्य ऑफिसातूनच होतं. उघडायची सोय त्यांच्या हातात नव्हती. “बावीस माणसं आणि चेहरा एक! हा चेहरा आणायचा कुठून आता?”

खाली पिकअपचा हॉर्न वाजला.

“आलाय सर,” उत्कर्षा म्हणाली.

इंद्रजित सरांनी खिडकीतून खाली पाहिलं. मग त्यांनी सूचनांचा कागद काढला, बोट फिरवत वाचला. घड्याळ नको, पट्टा नको, गुटख्याच्या पुड्या नकोत. गायीबद्दल अवाक्षर नव्हतं. लॅपटॉप घेऊन ते जिना उतरले आणि पार्किंगमध्ये हौशीसमोर उभे राहिले.

“गळ्यातली घंटा काढा. धातू चालत नाही.”

घंटा निघाली. हौशीनं कॅमेऱ्यात पाहिलं आणि स्क्रीन पिवळी झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण उमेदवार जिवंत आहे याची खात्री कॉम्प्युटरला अजून व्हायची होती. डोळे मिचकावा. हौशीनं माशीसाठी मिचकावले. मान डावीकडे वळवा. उत्कर्षानं तिच्या डाव्या कुशीला बोटानं खाजवलं, तशी हौशीनं वळून पाहिलं. मग स्क्रीनवर आलं, हसा.



“हस गं माझी बाय,” तात्या काकुळतीला आले. धम्मदीपनं माकडचाळे केले. कुणी पेंड दाखवली. हौशी रवंथ करत राहिली.

तेवढ्यात कडेच्या पायरीवर, नातीला सांभाळायला सोबत आलेल्या कुशाबाईंनी मुक्ताचा ओला लंगोट सोडला, आणि उत्कर्षाला दुसऱ्या सत्रातला धडा आठवला. मुताचा वास घेतला की जनावर मान उंचावतं, नाक आखडतं आणि वरचा ओठ पार वर उचलतं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हसतंय. तिनं लंगोट हिसकावून हौशीच्या नाकाला लावला.

हौशी हसली. स्क्रीन हिरवी!

“धम्मदीप कांबळे, वर जा,” इंद्रजित सर ओरडले. “पुढचा!”

मग रांगच लागली. नाव टाका, मिचकावा, कूस खाजवा, लंगोट दाखवा, हसा. हे जमत होतं फक्त उत्कर्षाला. वास किती लांबून द्यायचा, कधी काढून घ्यायचा, हे हाताला कळावं लागतं. प्रत्येक जण म्हणे, “ताई, तेवढं माझं करून द्या,” आणि वर पळे. ती मात्र खालीच. साडेदहाला मुक्ता भुकेनं रडली, तशी तिनं घड्याळात पाहिलं, पिकअपच्या आडोशाला बसून तिला पाजलं, आणि पुन्हा गायीपाशी आली. दहा अठ्ठेचाळीसला एकविसावा वर गेला.

उरली ती एकटी. तिनं लंगोट धरला. हौशीनं हुंगला आणि तोंड फिरवलं. पुन्हा धरला. हौशीनं सरळ रवंथ सुरू केला.

“वास उडाला त्याचा,” तात्या म्हणाले. “वाळला की.”

दुसरा लंगोट सकाळचा, तो तर कडक झालेला. इंद्रजित सर म्हणाले, “दहा एक्कावन्न.”

 बावीस जणांत आपणच बाहेर राहणार, आणि तेही गाय आपणच आणून! मग तिची नजर मुक्ताकडे गेली. पाजायला घेतलं तेव्हा दहा तेहतीस झाले होते. तिनं कोरडा लंगोट नीट बांधला आणि लेकीला पायरीवर निजवलं.

“दहा त्रेपन्नला,” ती म्हणाली. “फार तर पंचावन्न.”

“काय दहा त्रेपन्नला?” सरांनी विचारलं.

“मुतंल ती,” कुशाबाई एकदम ठामपणे म्हणाल्या. “वहीत हाय.”

मग एक केंद्रप्रमुख, एक गायवाला, एक सासू आणि शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातली दोन माणसं एका बाळाकडे टक लावून बसली. वरच्या खिडकीतून कुणी विचारलं, “झालं का?” त्रेपन्न. मुक्तानं पाय झाडले. चौपन्न. मुक्ता सरांकडे बघून खुदकन हसली. “ही हसतेय, आणि उपयोग नाही!” ते कळवळले. पंचावन्न. उत्कर्षानं लंगोट चाचपला. कोरडा. छप्पन्नला मुक्ता अचानक गप्प झाली, कुठंतरी लांब बघायला लागली.

“आली!” तात्या ओरडले.

ऊन ऊन लंगोट नाकाला लागला तशी हौशीनं मान वर केली आणि अशी हसली, की झेरॉक्सवालाही हसला. स्क्रीन हिरवी. उत्कर्षा दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेली. खुर्चीत बसली तेव्हा हाताला मुताचा वास येत होता. पहिला प्रश्न होता, गायीला वरचे पुढचे दात किती? सकाळपासून बावीस वेळा बघून झालं होतं. शून्य.

महिन्यानं परवाना आला. नाव उत्कर्षाचं, फोटो हौशीचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकदा कार्डाकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि सोमवारपासून यायला सांगितलं. कार्डाच्या मागं बारीक अक्षरात होतं, ‘दर तीन वर्षांनी याच चेहऱ्याची प्रत्यक्ष पडताळणी करून नूतनीकरण होईल.’

हे तिनंच आधी वाचलं, आणि ग्रुपवर टाकलं. तेव्हापासून बावीस मदतनीस पाळीपाळीनं रावजी तात्यांच्या गोठ्यात जातात. कुणी ताप बघतं, कुणी खूर तासतं, धम्मदीपनं पंखा बसवलाय. “माझ्या म्हाताऱ्या आईला कुणी इतकं बघितलं न्हाय,” तात्या म्हणतात.

आणि दुपारी मुक्ता झोपली की उत्कर्षा तिच्या नाकाखाली बोट धरते, बोटाला श्वास जाणवला की वहीत खूण करते, आणि मग इंदापूरला फोन लावते.

“तात्या, रवंथ करतीय ना?”

“करतीया बाई, करतीया. सकाळधरनं तू आठवी.”