काप म्हणेपर्यंत

शिंप्याच्या त्या दुकानात एक रीत होती. घरधनीण 'काप' म्हणेपर्यंत कापडाला कात्री लावायची नाही. नवरा कसलेला मास्तर, पण तोही खडूने आखून झालं की कात्री धरून बायकोच्या तोंडाकडे बघत राहायचा. गिऱ्हाइकं हसायची. हसेनात का, कापड कधी वाया गेलं नव्हतं.

आता तो दवाखान्याच्या खाटेवर होता. छातीतली कळ पाठीत उतरली होती, आणि बघत होता तसाच, तिच्या तोंडाकडे.

डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर नेऊन समजावलं. काळजातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटलंय, रक्त पदरांमध्ये शिरतंय. तेवढा भाग ऑपरेशनने बदलायचा, तोही लगेच.

तिने मान उडवली. धाकट्या दिराला हेच दुखणं झालं होतं. रक्तदाबाच्या औषधांवर बरा होऊन तो आता ताटभर जेवतो आणि वर तिच्याशीच हुज्जत घालतो.

"दिराला गोळ्या आणि नवऱ्याला सुरी? खुळी समजलात मला?"

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. दिरांची फाट खाली, पाठीकडे असेल, म्हणाल्या. तिथे बहुतेकदा औषधांवर निभावतं. ही काळजाच्या तोंडाशी आहे. इथे औषध नुसतं ऑपरेशनपर्यंत पोचवतं.

तिला पटेना. विरलेल्या कापडाला टाका घातला की शेजारी उसवतं, हे तिने जन्मभर पाहिलेलं. असलं कापड ती दारातूनच परत पाठवायची. नवऱ्याला कुठे परत पाठवणार?

लेक येऊन म्हणाली, बाबा शुद्धीत आहेत, पण सही करत नाहीत. तुझ्या आईला विचार म्हणतात. तिने लेकीला गप्प केलं आणि दिराला बोलावणं धाडलं. त्यानेच येऊन या शहाण्यांना सांगावं.

दीर धापा टाकत आला. सगळं ऐकून त्याने मान खाली घातली.

"वहिनी, माझी खाली होती. वर असती तर फाडावंच लागलं असतं, असं मलाही सांगितलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

ती खाटेपाशी धावली. नवऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "काप," ती म्हणाली. तो हसल्यासारखा झाला, लेकीने धरलेल्या कागदावर सही केली. माणसांनी खाट ढकलायला घेतली. खाट लिफ्टपर्यंतही पोचली नाही.

दुकानातल्या मेजावर त्याने शेवटचं आखलेलं कापड पसरलेलं आहे. कारागीर कात्री धरून तिच्या तोंडाकडे बघतात. ती काही म्हणत नाही. खडू पुसट होत चाललाय.