पाटीच्या उलट

वर बघा. अहो, वर! मीच बोलतोय, तिठ्यावरचा पाटीचा खांब. इथे थांबून फोनवर बोलणारा माणूस स्वतःच्या बुटांकडे बघतो, ढगांकडे बघतो, कुंपणापलीकडच्या मेंढ्यांकडे बघतो, पण मान वर करून माझ्याकडे बघेल तर शपथ. म्हणून म्हटलं, आता आपणच तोंड उघडावं.

मी बिडाचा. एका बंदराच्या गावातल्या ओतशाळेत माझा जन्म झाला. अंगाला पांढरा रंग, डोक्यावर एक फिरतं कडं आणि त्या कड्याला दोन हात. एका हातावर कॅरिगमोर, दुसऱ्यावर ड्रमलाहा, दोन्ही नावं वर आयरिशमध्ये आणि खाली इंग्रजीत. मला लीट्रिम परगण्यातल्या या तिठ्यावर आणून रोवलं. मोठ्या रस्त्याने तुम्ही आलात की मी तुमच्या समोर. डावीकडे कॅरिगमोर, म्हणजे बाजार, चर्च, दवाखाना आणि वृद्धाश्रम. उजवीकडे ड्रमलाहा, म्हणजे एक तळं, थोडी घरं आणि माणसांपेक्षा जास्त मेंढ्या.

सुरुवातीला मला फार अभिमान होता. आपल्याला वाचून माणसं घरी पोहोचणार, याहून चांगलं काम कोणतं? पण ते सुख फार टिकलं नाही. दलदलीतून काढलेलं जळण भरून एक ट्रक आला, मागे घेताना त्याचा कोपरा माझ्या डोक्याला लागला आणि कडं गर्रकन फिरलं. ड्रमलाहा कॅरिगमोरकडे बोट दाखवू लागलं आणि कॅरिगमोर ड्रमलाहाकडे. ट्रकवाला खाली उतरला, माझ्याकडे बघून "अरेरे" म्हणाला आणि निघून गेला.

मला वाटलं, उद्या कोणी तरी सरळ करील. उद्याचं वर्ष झालं, वर्षाची वर्षं झाली. लोक म्हणायचे, "ती पाटी चुकीची आहे हे सगळ्यांना माहीत आहे ना? मग झालं तर!" इकडचा न्याय असाच आहे. जे चुकलेलं सगळ्यांना ठाऊक आहे, ते दुरुस्त कशाला करायचं? उलट माझी चूकच त्यांच्या कामाला आली. इकडे घरांना नंबर नाहीत, डावं-उजवं कोणी सांगत नाही. घराची खूण सांगायची तर एकच: "तिठ्यावर पाटी लागेल. ती दाखवते त्याच्या उलट जा." डॉक्टर तेच सांगायचा, पाद्री तेच, कोळसेवालाही तेच. मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात उभा राहिलो.

पुढे मोबाइल आले. या खोऱ्यात फोनला रेंज मिळते ती फक्त माझ्या पायाशी. त्यामुळे जो तो इथे गाडी थांबवतो आणि आपण कुठे राहतो ते जगाला सांगतो. मांसाच्या कारखान्यातला ब्राझीलचा एक जण बायकोला सांगत होता, "हिरवं आहे गं. हो, त्याच्या पुढेही हिरवंच. नाही, दुकान नाही. गाय आहे." पोलंडचा एक सुतार आपल्या भावावर ओरडत होता, "तळ्याजवळ! नाही, ते तळं नाही, दुसरं!" आणि गावकरी? ते तर काय विचारूच नका. "मॅकहेलचं दुकान होतं बघ, जळालं ते. त्याच्या पुढे जोचं गाढव उभं असायचं, मेलं ते. तिथून आत वळ." अरे, डोक्यावर दोन भाषांत गावाचं नाव लिहिलंय आणि तुम्ही मेलेल्या गाढवावरून पत्ता सांगता!

असो. खरी गोष्ट फेलिमची आहे.

फेलिम मॅकगार्टी ड्रमलाहाला राहतो, चौऱ्याऐंशीचा असेल. बायको डेलिया गेली, मूलबाळ नाही. गेल्या हिवाळ्यात तो अंगणात पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून सकाळी त्याला उठवायला, धुवायला, चुलीत जाळ करून द्यायला कोणी तरी लागतं. सरकारी नर्स डेव्हनीबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, रोज सकाळी मदतनीस बाई पोहोचली तर फेलिम घरी राहील, नाहीतर कॅरिगमोरच्या वृद्धाश्रमात. आणि फेलिमला त्या वृद्धाश्रमाचा इतका धसका, की त्याचं नाव काढलं तरी तो जेवणाचं ताट सरकवून द्यायचा. हे मला त्याच्या मेव्हणीकडून, अट्रॅक्टाकडून कळलं. ती शेजारीच राहते आणि तिच्या तोंडाला रेंजची गरज नसते.

सगळं ठीक चाललं होतं. बियाटा नावाची पोलंडची बाई रोज यायची. तिला रस्ता पाठ झाला होता. मग ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि त्याच आठवड्यात माझं नशीब उघडलं.

या भागातून सायकलींची शर्यत जायची होती. रस्त्याचं काम करणारे दोघे शिडी घेऊन आले. त्यांनी माझ्या कड्यात तेल घातलं, पान्याने मला फिरवून सरळ केलं, नवा रंग दिला. काय सांगू तुम्हाला! इतक्या वर्षांनी मी खरं बोलत होतो. मी वाट बघत राहिलो की आता गावात बोभाटा होईल. अट्रॅक्टाची गाडी खालून गेली, डॉक्टरची गेली, मेंढ्यांचा ट्रेलर गेला. एकानेही वर पाहिलं नाही. ज्याला रस्ता माहीत आहे तो पाटी कशाला वाचील?

आणि दुसऱ्याच सकाळी नवी मदतनीस आली. माझ्याखाली गाडी थांबवून तिने फेलिमच्या उशाजवळच्या जुन्या तारेच्या फोनवर फोन लावला. त्याचा आवाज मला खांबापर्यंत ऐकू येत होता.

"पाटी दिसली का? हां. ती ड्रमलाहा दाखवते ना, त्याच्या उलट जायचं. मग गिलरेनचा लोहारखाना होता, तिथून आत."

"होता म्हणजे?"

"होता म्हणजे आता नाही. पण जागा कळते की!"

ती बिचारी उलट गेली, म्हणजे कॅरिगमोरच्या रस्त्याला लागली आणि नसलेला लोहारखाना शोधत दलदलीत शिरली. चिखलाने माखून परत आली आणि निघून गेली. तिच्यानंतरचीचंही तेच झालं, तिच्यानंतरचीचंही तेच. मी खरं सांगत होतो आणि माझ्या खरेपणाने तो म्हातारा दुपारपर्यंत ओल्या अंथरुणात पडून राहत होता. खोटा होतो तेव्हा माणसं पोहोचत होती. हा कुठला न्याय? ओरडावंसं वाटायचं, पण बिडाला गळा नसतो.

मग एके दिवशी अट्रॅक्टा आणि डेव्हनीबाई माझ्याखाली भेटल्या. दोघींनी गाड्या आडव्या लावल्या आणि काचा खाली केल्या.

"चौथी मुलगी पाठवतेय, अट्रॅक्टा. तीही परत आली तर शुक्रवारी त्याला हलवायचं. मी त्याला असा पडून राहू देणार नाही."

"मग रस्ता नीट सांगत जा की पोरींना!"

"सांगते ना. पाटीच्या उलट."

"तेच तर मीही सांगते," अट्रॅक्टा म्हणाली. "आजकालच्या पोरींना एवढंही कळत नाही." हे ऐकून माझा रंग तडकायचाच बाकी होता.

चौथी मुलगी म्हणजे तेंदाई, झिम्बाब्वेची. छोट्या लाल गाडीतून आली, फेलिमशी बोलली, उलट गेली, चिखल बघून परत आली. पण ती बाकीच्यांसारखी पळाली नाही. गाडीतून उतरली आणि तिने मान वर करून मला नीट वाचलं. मग पुन्हा फोन लावला.

"आजोबा, मला वाटतं पाटी बरोबर आहे."

"बरोबर?" फेलिम कडाडला. "मुली, तू कालची आलेली! त्या पाटीने जन्मात कधी खरं सांगितलेलं नाही. माझी डेलिया गेली तेव्हा तिचे बोस्टनचे चुलतभाऊ त्या पाटीवर विसंबून भलत्याच घरी गेले, भलत्याच बाईच्या मयताला रडून, जेवून आले! तू माझं ऐक. उलट जा."

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मी मनात म्हणत होतो, पोरी, एकदा माझं ऐक, एकदाच! पण ती स्वतःशीच पुटपुटली, "म्हातारा माणूस आपल्याच घराची वाट सांगतोय. त्याला कसं खोटं पाडू?" आणि ती पुन्हा उलट गेली. परत आली तेव्हा पुढच्या घरी जायला तिला उशीर झाला होता. स्टिअरिंगवर हात आपटून ती निघून गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

शुक्रवारी अट्रॅक्टाची गाडी ड्रमलाहाकडून आली. पुढच्या सीटवर फेलिम, मांडीवर टोपी, मागे त्याची सूटकेस. हिवाळ्यानंतर तो पहिल्यांदाच घराबाहेर पडला होता. घर सोडून जाणारा माणूस सगळं डोळे भरून बघतो, तसं त्याने तळ्याकडे पाहिलं, मेंढ्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"थांब," तो म्हणाला. "अट्रॅक्टा, थांब म्हणतो ना!"

"लघवी लागली का? घरीच सांगितलं होतं जाऊन ये म्हणून."

"गप. पाटी बघ."

"काय झालं पाटीला?"

"बरोबर आहे!"

अट्रॅक्टाने काचेतून मान बाहेर काढली. माझ्या एका हाताकडे बोट केलं, मग दुसऱ्याकडे, आणि दोन्हीवरची नावं मोठ्याने वाचली.

"तू रोज जातेस ना इथून?" फेलिमने विचारलं.

"जाते की. पण मी कशाला पाटी वाचू? मला काय माझं घर माहीत नाही?"

फेलिमने टोपी तोंडावर धरली. त्याचे खांदे हलत होते. "त्या पोरी खरंच येत होत्या गं," तो म्हणाला. "मी समजलो कामचुकार आहेत. मीच त्यांना चिखलात घालत होतो. आणि त्या शेवटच्या पोरीने तर सांगितलंही होतं."

"झालं ते झालं. आता सगळ्यांना नीट सांगू या."

"कुणाकुणाला सांगशील? डॉक्टर, पाद्री, कोळसेवाला, डेव्हनीबाई, सगळा गाव उलटच सांगतो. एक जण विसरला की मी आहेच पडलेला. पाना आहे का गाडीत?"

तेव्हाच मी ओळखलं, आता माझी पाळी. अट्रॅक्टा खाली उतरली, गाडीच्या टपावर चढली, सत्तरीची बाई, आणि तिने माझ्या कड्याला पाना लावला. नवं तेल होतं, त्यामुळे कडं सहज फिरलं. खालून फेलिम सांगत होता, "अजून थोडं. अजून. हां, आता खोटी झाली." मग तिथूनच त्यांनी डेव्हनीबाईंना फोन केला. फेलिम काकुळतीला येऊन बोलत होता, असं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. शेवटी बाई म्हणाल्या, "तेंदाईला उद्या सकाळी शेवटचं पाठवते. नाही पोहोचली तर मला पुन्हा विचारायचं नाही." गाडी ड्रमलाहाकडे वळली.

सकाळी लाल गाडी आली. तेंदाईने माझ्याकडे पाहिलं, डोळे बारीक केले, पुन्हा पाहिलं. मी फिरलोय हे त्या एकटीच्या लक्षात आलं. ती इतकी हसली की तिला स्टिअरिंगवर डोकं टेकावं लागलं. मग पाटीच्या उलट गाडी घातली आणि बराच वेळ परत आली नाही. तळ्याच्या बाजूला फेलिमच्या धुराड्यातून धूर निघालेला मला दिसला.

तर असा मी. अंगावर नवा रंग, सांध्यांत नवं तेल आणि दोन्ही हातांनी धडधडीत खोटं. सायकलवाले मला शिव्या देतात, परदेशी पाहुणे माझ्यासोबत फोटो काढून दलदलीत जातात. मला सरळ व्हायचंय हो, मनापासून व्हायचंय. पण पान्याला हात घालण्याआधी ड्रमलाहाच्या एकेका घरी जा, तिथल्या माणसांना विचारा, त्यांना सांगा, आणि मगच वर चढा. तोवर मला असंच राहू द्या.

परतताना त्या दिवशी तेंदाई माझ्याखाली थांबली आणि तिने आपल्या आईला फोन लावला. ब्राझीलची, पोलंडची भाषा ऐकून ऐकून मला यायला लागली, पण यांची अजून कळत नाही, फक्त ड्रमलाहा एवढं कळलं. बोलता बोलता तिने माझ्या हाताकडे बोट दाखवलं आणि मग तेच बोट खांद्यावरून पार दुसऱ्या बाजूला नेलं. फोनवरच्या बाईला हात कुठला दिसणार? तरी पलीकडून मोठ्याने हसू आलं, आणि ती बाई काही तरी म्हणाली, बहुधा "हां हां, कळलं." त्या बाईने मला कधी पाहिलेलं नाही. तरी उद्या ती इथे आली, तर कोणाला न विचारता फेलिमच्या दारात जाऊन उभी राहील. तुमचं मात्र काही खरं नाही, तुम्ही आत्ताच मला वाचून ड्रमलाहाला जायला डावीकडे वळलात.