अंगावरचा नंबर

बाबांनी जाहीर केलं होतं, की गॅरेजमधली जुनी गाडी जो चालू करेल त्याची. तेव्हाच मी ठरवलं, गाडी माझी. धाकट्या भावाला धड पाना धरता येत नाही, पण बाबांच्या तोंडी कौतुक कायम त्याचंच. माझ्या पोटात दुखतं. हो, दुखतंच.

दर रविवारी माहेरी येऊन, खपून मी इंजिन जुळवलं. राहिला फक्त वॉटर पंप. तेवढ्यात धाकट्याने कुठूनसा एक पंप पैदा केला आणि जुन्याशेजारी ठेवला.

"बाबा, आकडा न् आकडा तोच!"

बाबांनी चष्मा लावून दोन्ही वाचले. "शाबास रे माझ्या राजा!"

"पंपाच्या अंगावर ओतलेला तो इंजिनिअरिंग नंबर," मी म्हटलं. "नुसत्या बॉडीचा. त्याच बॉडीत पंख्याचा दांडा कधी लांब बसवतात, कधी आखूड. दोन्हींचे पार्ट नंबर वेगळे. ते कॅटलॉगमध्ये बघायचे असतात."

धाकटा नाक वर करून हुंगायला लागला. "आई, गॅसवर काही ठेवलंयस का गं? जळल्याचा वास येतोय."

आईसुद्धा हसली. माझं खरं होतं आणि मी जळतही होते. पण जळणं दिसल्यावर खरं कोण ऐकतं?

पंपाचे बोल्ट मुकाट लागले. धाकट्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मग पुली आणि पंखा चढवला, तर पंखा थेट रेडिएटरला टेकला. दांडा लांब होता. मला इतका आनंद झाला, की लपवता येईना.

मी पिशवीतून माझा पंप काढला. पार्ट नंबर बघून मागवलेला, आखूड दांड्याचा. आठवडाभर आधीच आला होता; सगळ्यांसमोर काढायचा म्हणून दडवून ठेवला होता.

बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला. "अगदी बरोबर! बघ रे, ताईने तुझ्यासाठी किती धडपड केली. घे, बसव आणि कर तुझी गाडी चालू."

त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही, ते मला जास्त लागलं. मी त्यांच्या हातातून पंप घेतला, खोक्यात घातला आणि सरळ माझ्या घरी निघून आले.

गाडी अजून तशीच उभी आहे. आई फोनवर म्हणते, "अगं, देऊन टाक तो पंप. भाऊच आहे ना तो?"

भाऊ आहे म्हणूनच. परक्या कुणाला मी तो कधीच दिला असता.