जांभळा खण, पिवळ्या बाह्या

मला घडी घालून ठेवू नका, मित्रांनो. घडीत माझा डोळा लागत नाही. मी एक जुना खण आहे, बाईची ओटी भरताना तांदूळ-नारळासोबत पदरात घालतात ते पोलक्याचं कापड. आता काखेत विरलो आहे, पाठीची शिवण उसवली आहे, आणि मी जांभळा होतो हे सांगावं लागतं. पण माझी वाट मला आठवते. कुणाच्या हातून निघालो, कुणाच्या पदरात पडलो, ते सांगतो. ऐका.

मी विणला गेलो वैनगंगेकाठच्या पवनीत, एका कोष्ट्याच्या मागावर. धोटा इकडून तिकडे पळायचा, तिकडून इकडे पळायचा, घडीभर थांबायचा नाही. ती पळापळ माझ्या अंगात मुरली, ती अजून गेलेली नाही. माझ्या काठाला बारीक दाते काढले होते, करवतीच्या दात्यांसारखे. असा काठ पवनीकडचाच; पुढे मी जिथे आलो त्या भिलाईत तो कुणाला सहसा माहीत नव्हता.

मला भिलाईला आणलं सत्यभामाबाईंनी. त्यांचा नवरा तिथल्या पोलादाच्या कारखान्यात रोलिंग मिलला होता. गावाकडे गेल्या असताना त्यांनी मला विकत घेतलं, तेव्हा त्यांची लेक जया परकरात होती. दुकानातच त्या म्हणाल्या, जयाच्या लग्नात तिची ओटी मी याच खणानं भरीन. मग मला लोखंडी पेटीत ठेवलं, वर कडुनिंबाचा पाला पसरला.

पेटीत किती उन्हाळे गेले, मला ठाऊक नाही. कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा, त्यावरून पाळी बदलली एवढं कळायचं. एकदा पेटीबाहेर मोठा आक्रोश झाला. सत्यभामाबाईंचा नवरा काविळीनं गेला होता. त्यानंतर पेटी उघडली की त्यांचे हात दिसायचे, बांगड्या नसलेले. त्या मला वर काढायच्या, काठावरून बोट फिरवायच्या आणि परत खाली ठेवायच्या.

कारण मित्रांनो, रीत तशी होती. नवरा गेलेल्या बाईनं ओटी भरायची नाही. पोटच्या लेकीचीही नाही. त्यांची जाऊ गिरजाबाई बाजूच्याच क्वार्टरमध्ये राहायच्या. त्या बोलता बोलता सहज म्हणून गेल्या, की जयाची ओटी आता मीच भरीन, दुसरं कोण आहे. सत्यभामाबाई म्हणाल्या, "होय नं बाई, तुमीच भरा." आणि पेटीचं झाकण जरा जोरात लागलं. मी आत कूस बदलत राहिलो. ज्या हातांसाठी मला घेतलं होतं, ते हात मला ओटीत घालणारच नव्हते.

अशात निवडणूक आली. तेव्हा छत्तीसगड वेगळं झालं नव्हतं, आपण मध्य प्रदेशात होतो, आमदार भोपाळला जायचे. आमच्या भागाचे आमदार मारोतराव. कारखान्याच्या कोक ओव्हनवर घाम गाळून, मजुरांचे पुढारी होऊन वर आलेला माणूस. त्यांच्यापेक्षा त्यांच्या बायकोचा बोलबाला जास्त होता. मैनाबाई त्यांचं नाव. बायका त्यांना आमदारीणबाई म्हणायच्या. उंच, रुंद खांद्यांच्या, चालल्या की पदर वाऱ्यावर उडायचा.

मैनाबाईंची एक गोष्ट कारखान्याच्या वसाहतीत, सगळ्या सेक्टरांत माहीत होती. त्या जातील त्या दारी बायका त्यांची ओटी भरायच्या. आता ओटीतल्या खणाचं काय होतं, हे तुमच्या आयांना विचारा. तो कुणी शिवत नाही. आखूड असतो, रंग जुळत नाही. मग तो दुसरीच्या ओटीत जातो, तिथून तिसरीच्या. फिरत राहतो बिचारा. मैनाबाई मात्र एकही खण फिरवत नसत. त्यांना कुणी तरी हसून विचारलं होतं, तर म्हणाल्या, "तिच्या हातचे तांदूळ शिजवून खाते मी, मंग खण कावून परका करू?" सगळे खण शिवून घ्यायच्या आणि साडीशी जुळो न जुळो, घालायच्या. हिरव्या लुगड्यावर तांबडं पोलकं, तांबड्यावर निळं. सभेत बसलेल्या बायका भाषण कमी ऐकायच्या. आज बाईंच्या अंगावर कुणाचा खण आहे, ते बघायच्या. पुढे पुढे सगळ्याच बायका तशा बेजोड पोलक्यांत दिसू लागल्या. सुपेल्याच्या बाजारातला मॅचिंगवाला दुकानदार कपाळाला हात लावून बसला.

तर त्या मैनाबाई प्रचाराला आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत आल्या. गिरजाबाईंनी ओटी भरली, पुढच्या घरच्या बाईनं भरली. आमच्या दारात जया उभी होती. मैनाबाईंनी तिला विचारलं, घरात मोठं माणूस नाही का. सत्यभामाबाई दाराच्या पडद्यामागून म्हणाल्या, "मी हावो बाई. पण माह्या हातची नाही चालत."

मैनाबाई उंबरा ओलांडून आत आल्या. त्यांनी पदर पसरला आणि म्हणाल्या, "भर माय. पुढची घरं राह्यली हायेत."

घरात दुसरा खण नव्हता. पेटी उघडली. सत्यभामाबाईंनी मला हातात घेतलं, काठावरून एकदा बोट फिरवलं. मी ओंजळभर तांदळासोबत त्या परक्या पदरात पडलो. जया काही बोलायला गेली; आईनं डोळ्यांनीच तिला थांबवलं.

सुपेल्यात केवलराम शिंप्याची टपरी होती. त्यानं मला मैनाबाईंच्या पाठीला लावून बघितलं आणि मान हलवली. "बाँही नइ निकलय, बाई." म्हणजे बाह्या निघत नाहीत. मी होतो आखूड आणि बाई होत्या रुंद. मैनाबाईंनी ढिगातून दुसऱ्याच कुणाचा तरी पिवळा खण उचलला. बाह्या याच्या लाव, म्हणाल्या. कात्री माझ्या अंगातून गेली. दुखलं, खोटं सांगत नाही. पण मित्रांनो, इतकी वर्षं चौकोनी घडीत राहिल्यावर कुणाच्या तरी खांद्याचा आकार घेणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

जांभळं अंग आणि पिवळ्या बाह्या. मैनाबाई मला घालून सिव्हिक सेंटरच्या सभेत मंचावर चढल्या. मी समोर बघतो तर हजारो डोळे माझ्यावर. पुढची सभा येईपर्यंत सेक्टरांत दुरंगी बाह्या आल्या. मग सुपेल्यात, मग जामुलच्या सिमेंट कारखान्याच्या बसमधून उतरणाऱ्या बायकांच्या अंगावर, मग पार शेजारच्या दुर्ग शहरात. कापड पुरत होतं त्या बायकासुद्धा मुद्दाम दुसऱ्या रंगाच्या बाह्या लावायला सांगायच्या. केवलरामची टपरी पुरेना, त्यानं शेजारची पानपट्टीची जागा घेतली. आणि मी? मला सुख बोचत होतं. एवढ्या नजरांत मी एकच नजर शोधायचो. सत्यभामाबाई सभांना येत नसत.

मग एका हळदीकुंकवात घोटाळा झाला. तिथे गिरजाबाई होत्या. मैनाबाईंच्या पोलक्याचं कौतुक चाललं होतं, तेव्हा त्यांना राहवलं नाही. अभिमानानंच म्हणाल्या, "हा करवती काठ वळखला मी. आमच्या सत्यभामेच्या हातचा खण हाय हा." बोलल्या आणि जीभ चावली. पण बोललेलं परत गिळता येत नाही. बायकांच्या वाट्या हातातच राहिल्या. कुणी आपल्याच बाहीकडे बघितलं, कुणी पदर ओढून घेतला. विधवेच्या हातचा खण, आणि त्याची नक्कल आपण अंगावर घालून हिंडतो आहोत!

चार दिवसांत ते मारोतरावांच्या कानी गेलं. ते वाईट माणूस नव्हते, पण निवडणूक तोंडावर होती. ते बायकोला म्हणाले, की सगळे बोलून राहिले, मतदान होईस्तोवर ते पोलकं ठेवून दे. मैनाबाईंनी मला खुंटीवर टांगलं. मी वाऱ्यानं हलायचो, त्या येता-जाता माझ्याकडे बघायच्या आणि मान फिरवायच्या.

जयाचं लग्न त्याच दिवसांत ठरलं. सत्यभामाबाई जयाला घेऊन आमंत्रणाला आल्या. खुंटीवर मला पाहून म्हणाल्या, हे पोलकं आता घालू नका, माझ्यापायी तुमचं नुकसान नको. आपलीच चूक झाली, असंही म्हणाल्या. मग जयाला राहवलं नाही. "मावशी, आई ने ये मेरे लिए रखा था. माझ्या ओटीसाठी. तुम्हाले दिला, कारण माझी ओटी तर तिले भरूच नाही देणार."

मैनाबाई उठल्या आणि आत जाऊन पाणी पिऊन आल्या. म्हणाल्या, "मी शिवून टाकला वो. आता परत कसा देऊ?" सत्यभामाबाई हसल्या, रडल्या, आणि अक्षता ठेवून निघून गेल्या.

लग्नाच्या सकाळी मैनाबाईंनी रेशमी पोलकं काढलं. घातलं. आकडे लावले. मग एकेक आकडा काढला. मला खुंटीवरून उतरवलं, परत टांगलं. बाहेर मारोतरावांची जीप गुरगुरत होती. तिसऱ्यांदा उतरवलं तेव्हा मी त्यांच्या अंगावर होतो, आणि आत छातीत धोटा पळावा तसं काही तरी पळत होतं.

मांडव क्वार्टरांसमोरच्या मैदानात होता. मुलाकडचे दुर्गातल्या पद्मनाभपूरचे. मुलाची आई सिंधुताई, नीटनेटक्या, रीतीभातीच्या. त्यांनी साखरपुड्यातच सांगून ठेवलं होतं, ओटी सवाष्णीच्या हातची हवी. माझ्याबद्दलची कुजबुज दुर्गापर्यंत पोचली नव्हती; आणि मित्रांनो, त्यांच्या अंगावर होतं तांबडं पोलकं, हिरव्या बाह्यांचं.

पाठवणीची वेळ झाली. जया पाटावर बसली. गिरजाबाई ताट घेऊन पुढे झाल्या. मैनाबाईंनी विचारलं, "लेकीची माय कोठी हाय?"

ती आत होती, रिकाम्या पातेल्यांवर झाकणं ठेवत. सिंधुताई हळूच म्हणाल्या, "आमदारीणबाई, रीत हाय. पोरगी पहिल्यांदा घरात येऊन राह्यली, अपशकुन नको."

मैनाबाईंनी साध्या आवाजात विचारलं.

"सिंधुताई, हे पोलकं कोठी शिवलं?"

"सुपेल्यात, केवलरामकडं. तुमच्यासारखंच शिव म्हणून सांगितलं त्याले." सिंधुताईंना ते विचारलेलं आवडलं होतं.

"माह्यासारखं म्हंजे ह्याच्यासारखं." मैनाबाईंनी माझ्यावर हात ठेवला. "हा खण त्या माउलीनं मले दिला. पोरीच्या ओटीसाठी घेतला होता तिनं. तिच्या खणाची नक्कल तुमच्या अंगाले चालली. तिचा हात लेकीच्या पदराले कावून नाही चालत?"

सिंधुताईंनी आपली हिरवी बाही बघितली. मग भोवती बघितलं, तर मांडवातल्या निम्म्या बायका त्याच तऱ्हेच्या बाह्यांत. कुणाच्या तरी तोंडून हसू फुटलं. सिंधुताई लाल झाल्या. म्हणाल्या, "आता चारचौघांत काढून तं टाकता येत नाही बाप्पा." आणि मग जरा थांबून, मान खाली घालून, "बोलवा विहीणबाईले."

गिरजाबाईंनी ताट पाटाजवळ ठेवलं आणि स्वतः आत गेल्या. जावेचा हात धरून तिला बाहेर आणलं. तो हात पातेल्यांच्या काजळीनं माखलेला होता, तो त्यांनी आपल्या पदरानं पुसला.

सत्यभामाबाईंनी ओंजळ भरली. ती इतकी भरली, की तांदूळ पाटाखाली सांडत होते. मागे एक म्हातारी गुणगुणायला लागली,

लेकीची गं ओटी, मायच्या ओंजळीनं,
सांडले तांदूळ, वेचले चिमणीनं.

ओटीत जो खण पडला, तो घाईत आणलेला गुलाबी होता. मी नव्हतो. मी वीतभर अंतरावर, दुसऱ्याच बाईच्या अंगावर शिवलेला होतो. ज्या क्षणासाठी पेटीत जागलो, तो माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या खणाच्या वाट्याला गेला. जीव तुटला. पण जयानं पदर सावरता सावरता माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यावर मी आजवर जगतो आहे.

मारोतराव निवडणूक हरले. लोक म्हणाले, पोलक्यानं हरवलं. नळाला पाणी येत नव्हतं म्हणून हरले, असंही काही जण म्हणाले. मारोतराव बरेच दिवस खुंटीकडे बघून म्हणायचे, एका खणापायी गेलं सगळं. मैनाबाई म्हणायच्या, "मतं मानसं टाकतात जी. पोलकं नाही टाकत." आणि मला घालायच्या.

पण आता त्यांना बघायला कुणी येईना. आमदारकी गेली, तशी दुरंगी बाह्यांची हौसही गेली. बायका पुन्हा साडीचा तुकडा घेऊन मॅचिंगच्या दुकानात उभ्या राहू लागल्या. केवलरामनं ती जादा जागा सोडून दिली. पुढे मैनाबाई बोरसीला राहायला गेल्या. मी त्यांच्या अंगावर विटलो, काखेत फाटलो, दोनदा शिवलो गेलो. आता त्यांच्या कपाटात आहे. त्यांनी माझं फडकं केलं नाही, एवढा त्यांचा उपकार.

एकच तळमळ उरली आहे. बाह्यांची फॅशन दुर्गापर्यंत पोचली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ती ओंजळ कुठवर पोचली, ते मला कळलं नाही. बाही बघून बाही शिवणं सोपं असतं. मांडवातल्या त्या बायकांपैकी कुणी आपल्या घरी तसं केलं का? कपाटाचं दार वाजलं की वाटतं, कुणी तरी ते सांगायला आलं असेल.

म्हणून तुम्हाला विनवतो, मित्रांनो. तुमच्या घरी खण पडून असतील, ते कुणी दिले ते विचारा आणि शिवून अंगाला लावा. आणि तुमच्या घरी ओटी भरायची असेल, हळदीकुंकू असेल, तेव्हा एकदा स्वयंपाकघरात डोकावा. तिथे एखादी काकू, मामी, आजी उगाच भांडी लावत बसली असेल. काम नसताना करत असेल. तुम्ही लहान आहात, तुम्हाला कुणी रागावणार नाही. तिचा हात धरा आणि बाहेर आणा.