बांधावर बसलेले किसनराव

अमरावतीच्या चित्रपट महोत्सवात यंदा सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात हलणारी चित्रं मांडली होती. भिंतीवर साधं रेखाचित्र असायचं. त्याच्यासमोर मोबाइल धरला की पडद्यावर ते चालू-बोलू लागायचं. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी म्हणतात त्याला. दीपमालाने आपल्या वडिलांचं चित्र लावलं होतं. वलगावच्या झेंडूच्या वावरात किसनराव बांधावर बसलेले. मोबाइल धरला की ते उठायचे, फुलं तोडायचे, टोपलं भरून बांधावर येऊन टेकायचे आणि पुन्हा उठायचे.

त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. अकोल्यातली नोकरी सांभाळून तिने या चित्रासाठी रात्रीचा दिवस केला होता. परीक्षक एकच चित्र निवडून मुंबईला पाठवणार होते आणि ते आपलंच असावं असं तिला वाटत होतं, खोटं कशाला बोला! पण त्याहून मोठी आस होती ती आईसाठी. नवरा गेल्यापासून सुंदराबाईंनी वावरात पाऊल टाकलं नव्हतं. आईला बाबा पुन्हा चालताना दिसावेत, म्हणून दीपमालाचा जीव नुसता वरखाली होत होता.

सुंदराबाई आल्या आणि गेलेल्या माणसाची तसबीर समोर दिसल्यावर आपल्याकडची कोणतीही बाई जे करील तेच त्यांनी केलं. पिशवीतून झेंडूचा हार काढला, चित्राला घातला, हात जोडले. झालं! हाराखाली निम्मं चित्र झाकलं गेलं आणि मोबाइलला काही ते ओळखता येईना. महोत्सवाचं काम बघणारा अश्विन धावत आला.

"ताई, हार काढा ना. परीक्षक येऊन राहिले."

"घातलेला हार कोनी काढते काय?" सुंदराबाई म्हणाल्या.

"आई, मोबाइलले बाबा दिसत नाही त्याच्यानं," म्हणत दीपमालाने हार उतरवून आईच्या हातात दिला. तिला ते बरं वाटलं नाही, पण मागे हटायला वेळ नव्हता. तिने आईपुढे मोबाइल धरला.

किसनराव उठले. सुंदराबाईंचा हात तोंडावर गेला, डोळे भरून आले. दीपमालालाही रडू आलं. किसनरावांनी टोपलं भरलं, टेकले, उठले. पुन्हा भरलं, पुन्हा उठले. सुंदराबाईंनी डोळे पुसले.

"हे थांबत नाही काय?"

"नाही आई. कितीबी वेळ पाहा, चालूच रायते."

"काहून?" सुंदराबाईंचा आवाज चढला. "जिते होते तवा एक दिवस बसले नाही तुये बाबा. आता मेल्यावरबी राबवूनच राहिली काय त्यायले?"

दीपमालाने मोबाइल खाली घेतला. वर्षभर तिने या माणसाची एकेक हालचाल रेखली होती. बोटं कशी वळतात, पाऊल कसं पडतं, सगळं. तो दमला असेल, हे मात्र तिच्या मनातही आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. परीक्षक शेजारच्या चित्रापाशी पोचले होते. तिने घाईने लॅपटॉप उघडला आणि पुन्हा पुन्हा चालण्याची सोय बंद करून टाकली.

परीक्षकांनी मोबाइल धरला. किसनराव उठले, फुलं तोडली, टोपलं भरलं, बांधावर येऊन बसले. बसूनच राहिले. एका परीक्षकाने पडद्यावर बोट आपटलं.

"अडकलं वाटतं?"

"नाही," दीपमाला म्हणाली. "दमलेत. बसू द्या."

परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते पुढच्या चित्राकडे गेले. सुंदराबाईंनी लेकीच्या हातातला मोबाइल घेतला, चित्रासमोर धरला आणि बसलेल्या नवऱ्याकडे बघत त्या तिथेच, समोरच्या भिंतीला टेकून खाली बसल्या.