दोन्ही बाजू सरांच्याच

नागरिकशास्त्राच्या सरांची वादविवाद स्पर्धा दरवर्षी गाजायची, आणि का गाजणार नाही? बाजूने बोलणाऱ्याचं भाषण सर लिहायचे, विरोधात बोलणाऱ्याचंही सरच लिहायचे. कुठे थांबायचं, कुठे हात उंचावायचा, टाळ्या कुठे पडायच्या, सगळं ठरलेलं. लोकशाही अगदी इस्त्री करून व्यासपीठावर यायची. तुमच्या-आमच्या मुलांच्या शाळेतही याहून फारसं वेगळं चालत नाही, म्हणून तर हे सांगायचं.

यंदाचा विषय होता, मुलांना मत मांडू द्यावं का. विरोधाची बाजू नववीतल्या एका मुलीकडे होती. आवाज बारीक, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. पाहुणे पहिल्या रांगेत बसलेले. "शाळेत मुलांना कशाचीच ददात नसते," एवढं म्हणून चिमणी अडखळली. सर खालून ओठ हलवून पुढचं वाक्य सुचवायला लागले.

"हे मला बोलवत नाही," ती म्हणाली. "मुलींच्या स्वच्छतागृहाला वर्षभर कुलूप असतं. आज पाहुणे आलेत म्हणून उघडलंय. आम्ही घरून निघताना पाणीसुद्धा पीत नाही."

सरांच्या पायाखालची जमीन सरकली. धावत जाऊन त्यांनी माइक काढून घेतला आणि वेळ संपल्याचं सांगून टाकलं.

पाहुणे गेल्यावर मुख्याध्यापिकांनी फर्मान काढलं. मुलीने उद्या सगळ्या शाळेसमोर माफी मागावी, नाहीतर दाखला घेऊन चालू पडावं.

"ती खोटं बोलली का हो, सर?" शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेच्या बाईंनी विचारलं.

"खोटं नाही. पण बोलायची ती जागा होती का?"

"मग कुठली जागा? वर्गात तुम्ही गप्प बसवता, घरी आईबाप. मत मांडू द्यावं का, हा विषय तुमचाच ना? तिनं मांडलं, तर तुमच्याच तोंडचं पाणी पळालं."

"तिचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून धडपडतोय मी."

"तुमची नोकरी जाऊ नये म्हणून, असं म्हणा."

सरांना ते झोंबलं, कारण खरं होतं. तरी माफीही त्यांनीच लिहून दिली. सकाळी चिमणीने ती घडाघडा म्हटली. शिकवलेल्या जागी थांबली, शिकवलेल्या जागी मान खाली घातली. मुलांनी टाळ्याही वाजवल्या. त्या टाळ्या ऐकताना सरांना स्वतःचीच शिसारी आली. इतकी वर्षं आपण हेच शिकवत आलो!

ते तडक मुख्याध्यापिकांकडे गेले. "स्वच्छतागृहाची किल्ली द्या. नाहीतर पुढच्या पाहुण्यांसमोर मी बोलेन. मला कुठला दाखला द्यायचा तो द्या."

दुपारी कुलूप निघालं. सर वर्गात आले ते हुरूपानेच.

"आजपासून मी कुणाला काही लिहून देणार नाही. चुकलो मी. आता तुम्ही बोला, शाळेत आणखी काय काय चुकतंय?"

सगळ्यांच्या नजरा बाकांवर.

"चिमणे, तू तरी बोल."

ती उभी राहिली. सरांकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

"काय बोलायचं ते लिहून द्या, सर. पाठ करते."

सर खुर्चीत बसले ते तास संपेपर्यंत उठलेच नाहीत.

मंडळी, मुलांना हक्क शिकवायचे असतील, तर ती पहिल्यांदा खरं बोलतात तेव्हा ते ऐकून घ्यायची हिंमत आपल्यात हवी. एकदा त्यांचं तोंड दाबलं, की मग कितीही लाडीगोडी लावा, ती बोलत नाहीत. आणि उद्या हीच मुलं मोठी होऊन अन्याय मुकाट बघत राहिली, तर त्यांना नावं ठेवायचा अधिकार आपल्याला नाही.